विश्लेषण : यवतमाळच्या चर्चच्या नावात ‘फ्री’ का? ‘मंडळी’ नेमकी कशाने बनते?

जगातील दर सहा माणसांपैकी एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते. तरुणांमध्ये हे प्रमाण अधिक असल्याचेही त्यात नमूद होते. माणसाला ‘आपण इथले’ असे कशाने वाटते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आहे. कापूस, तूर आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एक लहानसा समाज या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने देत आला आहे. हा समाज म्हणजे येथील मराठी ख्रिस्ती मंडळी. ते उत्तर काय आहे आणि ते कुठे अपुरे पडते?

‘चर्च’ला मराठीत काय म्हणतात?

प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘चर्च’ हा शब्द सापडत नाही. तिथे शब्द आहे ‘मंडळी’. पंगतीत ‘मंडळी, सावकाश होऊ द्या’ म्हणताना किंवा सभेची सुरुवात करताना जो शब्द वापरला जातो, तोच. जुन्या पिढीतील पुरुष बायकोचे नाव न घेता ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणत, तोही हाच. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेल्या लोकांची सभा. भाषांतरकारांनी त्यासाठी देऊळ, मंदिर, मठ असा वास्तूचा शब्द न घेता माणसांचा शब्द घेतला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस ‘मी अमुक मंडळीचा’ असे म्हणतो तेव्हा तो इमारतीबद्दल बोलत नसतो. या निवडीला भाषांतराच्या इतिहासात फारसे महत्त्व दिले जात नाही, द्यायला हवे.

यवतमाळमध्ये या मंडळीचे नाव फ्री मेथडिस्ट. ‘मेथडिस्ट’ हे अठराव्या शतकात ऑक्सफर्डमधील शिस्तप्रिय विद्यार्थ्यांना चिडवण्यासाठी ठेवलेले नाव, पुढे तेच रूढ झाले. पण ‘फ्री’ कशापासून? मोफत शिक्षण, मोफत औषध असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात. तो बरोबर नाही.

मग ‘फ्री’ म्हणजे काय?

त्याचा संबंध बाकड्यांशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील शहरी चर्चमध्ये बसायच्या जागा विकल्या किंवा भाड्याने दिल्या जात. नव्या, भव्य इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी पुढची बाके श्रीमंत कुटुंबे वर्षभरासाठी घेत. काही ठिकाणी त्यांचा चक्क लिलाव होई. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने मागे बसायचे, उभे राहायचे किंवा यायचेच नाही. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स हा पाळक न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे काम करताना या पद्धतीच्या विरोधात गेला. गरिबाला जिथे बसायला जागा नाही, तिथे त्याला शुभवर्तमान सांगायचे कसे, हा त्याचा साधा प्रश्न होता. १८५७ मध्ये त्याने ‘न्यू स्कूल मेथडिझम’ या शीर्षकाचा लेख लिहून आपल्याच पंथातील श्रीमंतीच्या ओढीवर टीका केली. १८५८ मध्ये त्याला पंथातून काढून टाकण्यात आले. १८६० च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क राज्यातीलच पेकिन या गावी नवा पंथ स्थापन झाला. तोच फ्री मेथडिस्ट.

नावातील ‘फ्री’चे अर्थ त्यामुळे अनेक आहेत. बाके सर्वांसाठी मोकळी, हा पहिला. गुलामगिरीला विरोध, हा दुसरा. अमेरिकेतील यादवी युद्ध तेव्हा उंबरठ्यावर होते आणि चर्चमध्येही गुलामांचे मालक होते. उपासनेत आत्म्याचे स्वातंत्र्य, हा आणखी एक. रॉबर्ट्सने १८९१ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. त्याच्या स्वतःच्या पंथाने मात्र स्त्रियांना ते पद पूर्ण अधिकारांसह द्यायला १९७४ साल उजाडू दिले. म्हणजे बाके मोकळी झाली तरी व्यासपीठ मोकळे व्हायला शतकाहून अधिक काळ गेला.

हे चर्च यवतमाळला कसे आले?

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दाम्पत्य जानेवारी १८८१ मध्ये भारतात उतरले आणि त्यांनी बऱ्हाणपूरला मुक्काम केला. सुरुवातीला त्यांच्यामागे मिशन मंडळाचा ठरलेला पगार नव्हता. पुढे १८९० च्या दशकात यवतमाळ हे फ्री मेथडिस्ट मिशनचे मुख्य ठाणे बनले. तेव्हा हा जिल्हा वणीच्या नावावरून ‘वून’ म्हणून ओळखला जाई; ‘यवतमाळ’ हे जिल्ह्याचे नाव १९०५ पासूनचे आहे.

यवतमाळच का, याला व्यावहारिक उत्तर आहे. वेगवेगळ्या मिशनांनी आपसात प्रदेश वाटून घेतले होते. एकाच गावात दोन मिशनांनी स्पर्धा करायची नाही, असा तो अलिखित करार. नागपुरात स्कॉटिश मिशन आधीपासून होते. १८४५ मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉपचे नाव आजही तिथल्या महाविद्यालयाला आहे. अकोला-अमरावती पट्ट्यात अलायन्स मिशन, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, आणि यवतमाळ, वणी, दारव्हा या भागात फ्री मेथडिस्ट. याचा एक मजेशीर परिणाम आजही दिसतो. विदर्भातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याने विचारपूर्वक निवडलेला असेलच असे नाही, अनेकदा तो त्याच्या आजोबांचा तालुका कोणता यावर ठरलेला असतो. लग्नानंतर अकोल्याची सून यवतमाळला आली की ती अलायन्सची फ्री मेथडिस्ट होते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

पहिली ‘मंडळी’ कोणाची होती?

दुष्काळात आई-बाप गमावलेल्या मुलांची, हे या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे उत्तर आहे. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य भारत आणि वऱ्हाड उद्ध्वस्त केले. गावेच्या गावे चाऱ्या-पाण्याच्या शोधात निघाली. रस्त्यावर मुले मागे राहिली. पश्चिम आणि मध्य भारतातील जवळजवळ प्रत्येक मिशनने त्या काळात अनाथालये उघडली. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया त्यातून विस्तारला. रमाबाईंचा फ्री मेथडिस्टांशी थेट धागाही आहे. त्यांची कन्या मनोरमा न्यू यॉर्क राज्यातील नॉर्थ चिली येथील ज्या चेसब्रो सेमिनरीत शिकली, ती रॉबर्ट्सने उभारलेली शाळा होती.

या मुलांच्या बाबतीत ‘धर्मांतर’ हा शब्द अपुरा वाटतो. त्यांचे गाव गेले होते, भावकी गेली होती, अनेकांना आडनावही आठवत नसे. त्यांच्यासाठी मंडळी ही नात्याला पर्याय नव्हती. तेच एकमेव नाते होते. अनाथालयात मोठी झालेली मुले-मुली एकमेकांशी लग्न करत. मुलगा शिक्षक, सुतार किंवा सुवार्तिक होई. मुलगी परिचारिका किंवा ‘बायबल बाई’ होई, म्हणजे घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवणारी, बायबलच्या गोष्टी सांगणारी. मिशनचे आवार हेच त्यांचे गाव बनले. विहीर तिथे, शाळा तिथे, दफनभूमीही तिथेच.

टीकाही येथूनच सुरू होते. डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे मिशनरी १८९७ मध्ये दमोहला, म्हणजे मध्य प्रांतातच जन्मले. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग याच प्रदेशात काढला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात त्यांनी आपल्याच लोकांच्या पद्धतीची चिरफाड केली. एकेका माणसाला त्याच्या नातेवाइकांतून उचलून मिशनच्या आवारात आणले, की तो त्या आवाराचा होतो आणि आपल्या समाजाला परका होतो. मग मंडळी वाढत नाही, ती मिशनच्या पगारावर आणि देणग्यांवर जगते. विदर्भातील चर्च आकाराने लहान का राहिली, याचे बरेचसे उत्तर या निरीक्षणात आहे.

नुसते बसायला जागा मिळाली की आपलेपणा येतो का?

नाही. बसायची जागा ही फक्त सुरुवात असते. माणूस टिकतो तो त्याला काम मिळाले तर. मेथडिस्ट परंपरेत याची एक जुनी आणि गमतीदार कथा आहे. १७४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडायचे कसे, यावर खल चालू असताना कॅप्टन फॉय नावाच्या सदस्याने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. काही जण एवढेही देऊ शकत नाहीत, असा आक्षेप आला. त्यावर फॉय म्हणाले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, ते देऊ शकले नाहीत तर त्यांची भर मी घालीन. प्रत्येक गटप्रमुख दर आठवड्याला आपल्या अकरा जणांच्या घरी वसुलीला जाऊ लागला. तिथे गेल्यावर कळू लागले की कोणाचा नवरा दारू पितो, कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे. वसुलीचे गट हळूहळू सुख-दुःखाचे गट झाले. ‘क्लास मीटिंग’ नावाने ते मेथडिस्ट चळवळीचा कणा बनले.

महिला बचत गटाच्या बैठकीला कधी बसलेल्या कोणालाही ही कथा ओळखीची वाटेल. तिथेही कारण शंभर रुपयांचा हप्ता असते आणि बैठक होते ती भलत्याच विषयांवर. मराठी मंडळ्यांतील आठवड्याच्या घरोघरीच्या प्रार्थनासभा याच वळणाच्या. आज एकाच्या अंगणात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. चहा ठेवणारी, चटई अंथरणारा, पेटी वाजवणारा, गीतांची पुस्तके वाटणारा मुलगा, प्रत्येकाला एक काम. रविवारी उपासनेतही तेच. दारात स्वागत, दान गोळा करणे, शास्त्रवाचन, लहान मुलांची संडे स्कूल, प्रभुभोजनाची तयारी, नाताळाच्या आधी रात्री घरोघरी गीते म्हणत फिरणारा तरुण संघ. बाहेरच्या जगात ज्याला कोणी खुर्ची देत नाही, असा शेतमजूर इथे ‘वडील’ म्हणून प्रार्थना चालवतो. हा बदल लहान नाही.

समाजशास्त्रात याला आकड्यांचा आधार मिळाला तो डिसेंबर २०१० मध्ये. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा शोधनिबंध ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सर्वेक्षणात त्यांनी लोकांना आपल्या आयुष्याबद्दलच्या समाधानाला गुण द्यायला सांगितले. दर आठवड्याला उपासनेला जाणाऱ्या आणि तिथे तीन ते पाच जिवलग मित्र असणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांनी पूर्ण, म्हणजे १० पैकी १० गुण दिले. दर आठवड्याला जाणाऱ्या, पण तिथे एकही जवळचा मित्र नसणाऱ्यांमध्ये हे प्रमाण होते १९ टक्के. आणि कधीच न जाणाऱ्यांमध्ये? तेही १९ टक्केच. प्रवचन ऐकून निमूट घरी परतणारा माणूस आणि चर्चची पायरी न चढणारा माणूस, समाधानाच्या बाबतीत सारखेच. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर केवळ सर्व्हरला जोडणी असून उपयोग नाही, शेजारच्या नोडशी जोडणी हवी. अर्थात हा अभ्यास अमेरिकेतील आहे, तो जसाच्या तसा यवतमाळला लावता येणार नाही. पण ब्रिस्टलच्या त्या अकरा जणांचे गणित त्यातून उलगडते.

परक्या धर्मात आपली भाषा कुठून आली?

आपलेपणाचा तिसरा धागा जिभेचा आहे. आज विदर्भापासून कोकणापर्यंत मराठी उपासनेत जी गीते गायली जातात, त्यांतील कित्येक अभंग-ओवीच्या चालीची आहेत. याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जाते आणि त्यांच्या गोष्टीचा पहिला अंक विदर्भातच घडला. नागपुरात काही काळ काढलेल्या टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांना नवा देव मिळाला, पण नवी मंडळी चटकन मिळाली नाही. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी बराच काळ आपले सोवळे सांभाळले, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा प्रवास त्यांनी स्वतःवर हसत हसत सांगितला आहे. त्यांचे मन एका प्रवचनाने बदलले नाही. रोजचे पाणी, रोजचे जेवण आणि अवतीभवतीची माणसे यांनी ते बदलले. जातीची भिंत देवाने घातलेली नाही, हे त्यांना पटले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धा आधी आणि आपलेपणा नंतर, असा क्रम आपण गृहीत धरतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो उलटा होता.

टिळक स्वतः मात्र चर्चच्या परदेशी वळणावर अखेरपर्यंत नाराज होते. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, ही त्यांची तक्रार. कीर्तन, भजन, टाळ त्यांनी उपासनेत आणले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि तो प्रयोग पुढे फारसा टिकला नाही. गीते टिकली.

यवतमाळने देशाला काय दिले आणि काय गमावले?

पांढरकवडा भागातील उमरीचे मिशन हॉस्पिटल हे या परंपरेचे एक ठळक काम. दुसरे नाव आज यवतमाळकरांच्याही फारसे लक्षात नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशातील नामांकित धर्मशास्त्र संस्था १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली. स्थानिक मराठी बायबल स्कूलच्या पायावर, अनेक मंडळ्यांनी मिळून ती उभी केली. फ्रँक क्लाइन हे तिचे पहिले प्राचार्य. सफीर अथ्याल हे पहिले भारतीय प्राचार्य. केरळ, नागालँड, मिझोरम, तमिळनाडूतील तरुण तीस वर्षे या कापसाच्या गावात शिकायला येत होते. १९८३ मध्ये संस्था पुण्याला, बिबवेवाडीला गेली.

कारणे समजण्यासारखी होती. मोठे शहर, ग्रंथालये, प्रवासाची सोय. पण ज्या गावातून असे काही उठून जाते, त्या गावातील मंडळीचे काय होते, याकडे कोणी पाहत नाही. विद्यार्थी रविवारी आसपासच्या खेड्यांत उपासनेला जात, ते थांबले. आज त्याच वाटेने तरुण जातात. नर्सिंग झालेली मुलगी पुण्याला किंवा आखातात, अभियंता मुलगा हैदराबादला. तिथे त्यांना हजारोंची, स्क्रीन आणि बँड असलेली इंग्रजी-हिंदी चर्च मिळतात. जागा भरपूर, बाके मोकळी, पण नाव कोणाला ठाऊक नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९० च्या दशकात ब्रिटनबद्दल मांडले होते की लोक श्रद्धा ठेवतात, पण कोणत्याही चर्चचे होत नाहीत. महाराष्ट्रातील स्थलांतरित तरुणाची स्थिती काहीशी उलटीही असते. त्याची श्रद्धा कमी-जास्त होते, तरी नाताळाला गावी जाऊन कोयरमध्ये उभे राहायचे त्याला सोडवत नाही.

जातीचे काय? कागदावर कोण?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे आणि बाकांच्या गोष्टीने तो सुटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८० लाख, म्हणजे ०.९६ टक्के, बौद्ध ६५.३१ लाख, म्हणजे ५.८१ टक्के. विदर्भातील दलित समाजाला सामूहिक अस्मिता आणि हेतू दिला तो प्रामुख्याने १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेने, चर्चने नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन केले आहे. मिशनच्या शाळा आणि दवाखान्यांचा लाभ प्रामुख्याने हिंदूंनी घेतला, आणि धर्मांतरित अस्पृश्यांमध्ये आपल्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध चळवळ उभी राहिली नाही, ही त्यांची टीका होती. ती आजही बोचते, कारण लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न मंडळीतही दबक्या आवाजात विचारला जातो.

कायद्याच्या बाजूने चित्र असे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलितांना नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गाच्या यादीत जागा आहे. अनुसूचित जमातींच्या दर्जाला अशी धर्माची अट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी फसवणूक ठरते, असा निकाल दिला.

कागदावरील या रेषेचा घरातील अर्थ असा की, एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी बौद्ध नातवाला एक दाखला मिळतो आणि ख्रिस्ती नातवाला दुसरा. म्हणून काही जण रविवारी मंडळीत असतात आणि दाखल्यावर नसतात. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी बसून शाळेच्या फीचा हिशेब करणे तितके सोपे नाही.

मृत्यूनंतरही हा प्रश्न संपत नाही. २७ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडमधील बस्तरच्या एका ख्रिस्ती पाळकाच्या दफनावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. ७ जानेवारीला मृत्यू झालेल्या या माणसाचा देह तोवर शवागारात होता, कारण गावात जागा द्यायला विरोध होता. अखेर दुसऱ्या गावातील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. ज्या गावात माणूस जन्मला, त्या गावाचा तो मेल्यावर उरतो की नाही, हा प्रश्न निर्णयानंतरही तसाच राहिला. यवतमाळसह विदर्भातील जुन्या मिशन आवारांतील दफनभूमींना लोक एवढे जपतात, ते का हे यावरून कळावे.

आता पुढे काय?

परदेशी देणगीचा ओघ आटला आहे, मिशनरी केव्हाच गेले. पाळकाचा पगार, छपराची दुरुस्ती, संडे स्कूलची पुस्तके हे सारे आता मंडळीच्या दानावर. मॅकगॅव्हरन यांना अपेक्षित असलेली स्वावलंबी मंडळी अशी नाइलाजाने का होईना, घडते आहे. त्यातला एक प्रसंग पाहण्यासारखा असतो. हंगाम घरात आल्यावर उपकारस्तुतीची उपासना होते. ज्याच्याकडे जे पिकले ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, कापसाची बोंडे, कोहळे, वांगी, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव होतो. म्हातारीने आणलेल्या चार वांग्यांवर बोली सुरू होते, मुद्दाम चढवली जाते, हशा पिकतो. बाजारात वीस रुपयांना मिळणारी वांगी कोणीतरी तीनशेला घेतो. अनेकदा घेणारा ती वांगी पुन्हा त्या म्हातारीच्याच पिशवीत टाकतो आणि तीही काही न बोलता ती घरी घेऊन जाते.